मेंढी कधी प्रतीक असते, कधी नुसती मेंढी

प्रिय विद्यार्थी,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. पहिल्याच ओळीत ‘मेंढ्या म्हणजे भाविक’ असा निकाल देऊन टाकला आहेस. घाई झाली. इटालियन चित्रकार अॅनिबाले काराच्चीच्या ‘इजिप्तला पलायन’ या चित्रामध्ये (सुमारे १६०४) मेंढ्या आहेत, नावाडी आहे, दूरच्या चढावर चिमुकले उंटही आहेत. यातलं सगळंच प्रतीक नव्हे.

आधी दहा मिनिटं पात्रांची नावं बाजूला ठेव. क्षितिज किती उंचावर आहे, उजेड कुठून येतो, नजर कुठून आत शिरते आणि कुठे अडते, एवढंच लिही. मग माणसांचं माप घे. चित्र सुमारे २३० सेंटिमीटर रुंद आहे. त्या विस्तारात मारिया, बाळ येशू, योसेफ आणि गाढव लहानच दिसतात. तरी ते हरवत नाहीत. तटबंदीचा किल्ला त्यांच्या वरच्या अंगाला आहे, आणि नदीकाठाच्या व उतारांच्या तिरप्या रेषा नजर फिरवून पुन्हा त्यांच्यापाशी आणतात. इथला धर्म या मांडणीत आहे.

आता मूळ मजकूर काढ. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय २) हे कुटुंब, बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाच्या भीतीने, रात्री इजिप्तकडे निघतं. इथे ते दिवसाच्या शांत उजेडात, रोमच्या आसपास शोभेल अशा मुलखातून चालतंय. माझ्या मते चित्राचा गाभा याच फरकात आहे, आणि त्यावर तू एक शब्दही लिहिलेला नाहीस.

एखादी वस्तू प्रतीक म्हणायची तर दोन पुरावे हवेत: ग्रंथात आधार, आणि चित्रातच तिच्याकडे बोट दाखवणारं काही, म्हणजे उजेड, वाट किंवा कुणाची नजर. अंगठ्याने ती झाकून बघ. विषय तसाच राहिला, तर मेंढी ही मेंढीच.

रंगांबाबतही जपून. जुन्या तैलचित्रांत तांब्यापासून केलेला हिरवा रंग पुष्कळदा तपकिरी पडतो आणि व्हार्निश पिवळं होतं. त्यामुळे ‘शरद ऋतू’ किंवा ‘संध्याकाळ’ लिहिण्याआधी त्या चित्राच्या जतनाची नोंद वाच. छापील प्रतीत कडा कापल्या आहेत का, तेही तपास. हे चित्र प्रार्थनागृहासाठी केलेलं, वरून कमानीच्या आकाराचं आहे.

पुन्हा लिहिताना पहिला परिच्छेद निव्वळ वर्णनाचा ठेव. त्यात ‘म्हणजे’ हा शब्द एकदाही नको.