न कळणं चारचौघांत दिसू दे

प्रिय मुली,

तुझं पत्र नीट वाचलं. पुढचं सत्र ऑनलाइन की वर्गात, हे तुला या आठवड्यात कळवायचं आहे आणि मन ठरत नाही. घरून तास केला की प्रवास वाचतो, अडलं तिथे रेकॉर्डिंग मागे नेता येतं, मार्कही कमी पडत नाहीत. तरी सत्र संपताना आपण तिथे होतोच कुठे, असं वाटतं. वर्गात जावं तर निम्मी बाकं रिकामी आणि शिकवणारे स्लाइड वाचून दाखवणार. मग चुकतंय काय, असं विचारलंयस.

सोयी-गैरसोयीचा हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला मांडलायस, त्यात मी पडत नाही. मला तुझं एकच वाक्य लागलं. अख्ख्या वर्षात तू ऑनलाइन तासाला एकही प्रश्न विचारला नाहीस. चॅटमध्ये लिहिलास, परत वाचलास, ‘हे बाकीच्यांना येत असणार’ असं वाटलं आणि खोडून टाकलास. अगं, सगळं दुखणं तिथेच आहे! आपल्याला कळलेलं नाही हे चारचौघांत दिसू द्यायचं, एवढं एकच मी इतकी वर्षं सांगत आले आहे.

मी संख्याशास्त्र शिकवते. दर वर्षी वर्गाला एक गणित घालते. एक रोग हजारात एकाला होतो. चाचणी रोग्याला हमखास पकडते, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांनाही चुकून पॉझिटिव्ह ठरवते. तुझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तुला खरंच रोग असण्याची शक्यता किती? जवळजवळ सगळा वर्ग ९५ टक्के म्हणतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. १९७८ साली हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळातल्या ६० जणांना असाच प्रश्न विचारला होता, तेव्हा बरोबर उत्तर ११ जणांनाच आलं. उत्तर आहे साधारण २ टक्के. हजारांत खरा रोगी १, चुकून पॉझिटिव्ह ठरलेले ५०च्या आसपास. म्हणजे ५१ मध्ये १.

हे मी थेट सांगून टाकलं तर सगळे माना डोलावतात, उतरवून घेतात आणि परीक्षेत पुन्हा ९५ लिहून येतात. पण एखादी मुलगी उभी राहून ‘९५’ म्हणते, का ते सांगायला लागते आणि मध्येच अडते. ‘थांबा मॅडम, पण निरोगी लोक तर ९९९ आहेत.’ तेव्हा मागच्या बाकांवरची पेनं थांबतात, कुणी तरी लिहिलेलं खोडतं. तिच्या चुकण्याने अख्खा वर्ग पुढे सरकतो. पडद्यावर हाच तास घेताना समोर आद्याक्षरांचे काळे चौकोन असतात. ‘कळलं का?’ म्हटलं की दोन-तीन अंगठे वर येतात. कुणाच्या कपाळाला आठी पडली, कुणी शेजारणीच्या वहीत डोकावलं, मला काही दिसत नाही आणि मी पुढे जाते. २०२०च्या तुकडीला हे सगळं असंच शिकवावं लागलं. त्यांतले किती जण अजून त्या ९५ वरच असतील, याची रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

ऑनलाइन तास ‘छान समजतो’ असं तू लिहितेस. त्या वाटण्यावर विसंबू नकोस. लुई डेलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींनी सफाईदार व्याख्यान ऐकलं, काहींनी गटात बसून धडपडत उदाहरणं सोडवली. आपण जास्त शिकलो असं व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं. चाचणीत गुण जास्त पडले ते धडपडणाऱ्यांना. आणि हे दोन्ही प्रकार वर्गातच झाले होते, बरं का. तेव्हा नुसतं बाकावर जाऊन बसलं की शिकलो, असंही समजू नकोस. शेवटच्या रांगेत वर्षभर गप्प बसणार असशील तर खुशाल घरी बस.

लांबून शिकणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. नोकरी, आजारपण, घरातलं लहान मूल, अशा कितीतरी जणांना ऑनलाइन वर्गामुळेच शिकता येतं आणि ते काढून घेणं अन्याय होईल. ब्रिटनमध्ये १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली, तिने रेडिओ-टीव्हीवरून शिकवलं. पण तिथेही स्वाध्याय तपासून शेरे लिहिणारा शिक्षक होता आणि उन्हाळ्यात एकत्र राहून शिकायची शिबिरंही होती. तुझं चुकलेलं कुणाच्या तरी नजरेला पडेल, अशी सोय त्यांनी ठेवली होती. तू ती सोय स्वतःच बंद केलीस.

कॅमेऱ्याने थकायला होतं म्हणतेस, ते मला पटतं. सतत स्वतःचा चेहरा समोर, सगळ्यांचे डोळे इतके जवळ, जागचं हलायचं नाही. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये ही कारणं नीट मांडली आहेत. मग ठेव कॅमेरा बंद. पण माइक सुरू कर! ‘मॅडम, दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर कशा आलात?’ एवढं म्हणायला चेहरा दाखवावा लागत नाही. ‘बाकीचे काय म्हणतील’ हे कारण मात्र मला पुन्हा लिहू नकोस. बाकीच्यांचंही तिथेच अडलेलं असतं, हे मी फळ्यापाशी उभी राहून रोज बघते.

माझ्या तासाबद्दलही तक्रारी होतात. ‘सारखे प्रश्न विचारतात, त्यात वेळ जातो, पोर्शन मागे पडतो’, असं विद्यार्थी अभिप्रायात लिहितात. नुसती रेकॉर्डिंग टाकून द्या, असं वरूनही सुचवून झालं. मी ऐकलं नाही. पोर्शन मागे पडतो, हे खरं आहे. शेवटचं प्रकरण घाईत होतं आणि त्याचा बोल मी घेते. पण ज्यांनी माझ्या तासाला तोंड उघडलं, त्यांना ते ९९९ निरोगी लोक कायमचे लक्षात राहिले. तेवढ्यासाठी मी उद्याही तास असाच घेईन.

तुला वर्गात जाणं शक्य आहे, म्हणून माझं मत वर्गाकडे आहे. पहिल्या तीन रांगांत बस, तास संपल्यावर लगेच उठू नकोस, मैत्रिणीला तिचं काय अडलं ते विचार. ऑनलाइन घेतलंस तरी रागावणार नाही. मात्र पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न मोठ्याने विचार आणि तो मला जसाच्या तसा लिहून पाठव. काय उत्तर मिळालं आणि ते कळलं का, तेही लिही.

तुझी,
मॅडम