साधी काळी मशीन आहे, शिलाईत नवखी आहे. घेरदार रॅप ड्रेस घरी जमेल का?

तुम्ही लिहिलंय की घरी जुनी पायमशीन आहे, आतापर्यंत उशांचे अभ्रे आणि परकर शिवलेत, आणि आता स्वतःसाठी घेरदार रॅप ड्रेस, म्हणजे पुढे एक पदर दुसऱ्यावर घेऊन कमरेला बंदांनी बांधायचा ड्रेस, शिवायचाय. कापड किती लागेल, घेर कसा बेतायचा, व्हिडिओत दाखवतात तसं खरंच होतं का, आणि सोलापुरात कापड कुठे बघावं, असे चार प्रश्न आहेत. मी शाळेच्या युनिफॉर्मचं जॉबवर्क करते आणि उरलेल्या वेळात घरातल्यांचे ड्रेस शिवते, त्या अनुभवावरून सांगते.

जमेल. परकर येतो म्हणजे घेराची भीती सोडून द्या. या ड्रेसला चेन नाही, काजं नाहीत, कंबर दोन इंच इकडेतिकडे झाली तरी बंद घट्ट-सैल करून भागतं. अवघड जागा एकच, ती म्हणजे गळ्याची तिरपी कड. खांद्यापासून निघून पलीकडच्या बाजूच्या कमरेपर्यंत जाते ती. ती उरेब, म्हणजे सुताला तिरपी कापलेली असते, म्हणून हाताळताना ताणली जाते, आणि एकदा ताणली की गळा पुढे फुगतो आणि वाकलं की उघडा पडतो. ड्रेस घरगुती दिसतो तो घेरामुळे नाही, या कडेमुळे. म्हणून बाकीचं जरा भराभर सांगते.

आधी व्हिडिओंचं. रॅप ड्रेस जगभर गाजला तो डायन फॉन फर्स्टेनबर्ग या डिझायनरबाईंनी १९७४ मध्ये आणला तेव्हा, आणि तो होता जर्सीचा, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाचा. आजही बरेच परदेशी पॅटर्न तशाच कापडासाठी असतात. तेच माप कॉटनवर उतरवलं की मुंढ्यात, म्हणजे बाहीच्या जोडापाशी, आवळतं आणि दोष आपण आपल्या शिलाईला देतो. पॅटर्न घेणारच असाल तर तो न ताणणाऱ्या कापडाचा आहे का, एवढं आधी बघा. आणि नमुनाच बघायचा तर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजासोबत चालणाऱ्यांच्या अंगावरची पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, बघा की. सुती कापड, एक पदर आत, एक वर, आतला बंद आत, बाहेरचा बाहेर. तुमच्या ड्रेसचा वरचा भाग याहून फार वेगळा नाही.

कापड मऊ आणि पडणारं हवं. केंब्रिक, म्हणजे बारीक विणीचं सुती कापड, किंवा मऊ छापील कॉटन पहिल्या ड्रेसला सगळ्यात बरं. रेयॉनचा घेर सुंदर पडतो, पण ते कात्रीखाली सरकतं, म्हणून ते दुसऱ्या ड्रेसला. युनिफॉर्मचं टेरीकॉट स्वस्तात मिळालं तरी नको, त्याचा घेर छत्रीसारखा ताठ उभा राहतो आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये ते अंगावर ठेववत नाही. एकाच दिशेने जाणारी नक्षी, म्हणजे उभी झाडं, मोर, असलं काही घेऊ नका. घेरात ती एका बाजूला आडवी होते. बारीक, सगळीकडे सारखी बुट्टी घ्या. चाटी गल्लीतल्या कापड दुकानांत फिरलात तर पुष्कळ पर्याय मिळतील. कटपीस घेणार असाल तर दुकानातच सलग लांबी मोजून घ्या. दोन तुकडे मिळून पावणेचार मीटर भरले तरी अर्ध्या वर्तुळाचा घेर निघेलच असं नाही.

४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, पावणेचार मीटर पुरतं. आणलं की आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा. कॉटन आटतंच, आणि ते आटायचं तर कापायच्या आधी आटलेलं बरं. नळ येईल त्याच दिवशी हे काम उरका.

आता वरचा भाग, म्हणजे बॉडी. हे आधी, घेर नंतर. का ते पुढे कळेल. तुम्हाला नीट बसणारा, न ताणणाऱ्या कापडाचा एक कुर्ता घ्या. तो घालून कमरेला नाडी बांधा आणि नाडीच्या रेषेवर खडूची खूण करा. मग वर्तमानपत्रावर पाठ उतरवून घ्या, खांद्यापासून त्या खुणेपर्यंत. पुढचा भाग मात्र अर्धा नाही, पूर्ण उतरवायचा, डावीकडच्या शिलाईपासून उजवीकडच्या शिलाईपर्यंत. सगळीकडे अर्धा इंच शिलाईसाठी सोडा. आता पुढच्या कागदावर मधोमध खांद्याच्या पातळीपासून ६ इंच खाली टिंब द्या. गळ्याजवळच्या खांद्याच्या टोकापासून या टिंबावरून जाणारी आणि पलीकडच्या कमरेच्या टोकाला मिळणारी, किंचित आत वळलेली रेषा काढा. तीच गळ्याची कड. कापड दुहेरी करून, कागदाची मधली रेषा कापडाच्या काठाला समांतर ठेवून कापलंत की डावा आणि उजवा पदर एकदम निघतात.

कात्री खाली ठेवली की हे दोन तुकडे उचलू नका. उचलून अंगाला लावून बघायचा मोह होतोच, पण कड ताणली जाते ती नेमकी तेव्हा. टेबलावर सपाट ठेवूनच मशीनकडे न्या आणि गळ्याच्या कडेपासून पाव इंच आत, खांद्याकडून कमरेकडे, एकेरी साधी शिलाई मारा. कापड मागून ओढायचं नाही, पुढून ढकलायचं नाही, सुईखालच्या दातऱ्यांना त्यांच्या गतीने नेऊ द्या. सुई कॉटनला १४ नंबरची, अगदी पातळ कापड असेल तर ११ ची.

त्यानंतरची युक्ती बऱ्याच व्हिडिओंत दिसत नाही. उरलेल्या कापडाच्या काठाची, म्हणजे जिथे सूत सुटत नाही तिथली, पाव इंच रुंद सरळ पट्टी कापा. गळ्याच्या कडेची लांबी टेपने कापडावर नाही, कागदावर मोजा, कारण कापड तोवर थोडंफार ताणलेलं असू शकतं आणि कागद ताणला जात नाही. समजा एका बाजूची कड २० इंच आली. काठाची पट्टी साडेएकोणीस इंच घ्या. ती उलट बाजूने कडेवर ठेवा, दोन्ही टोकं आणि मध्य टाचण्यांनी पक्के करा. कापड पट्टीपेक्षा किंचित जास्त दिसेल. ते जास्तीचं छातीच्या भागात बोटांनी सारखं मावून घ्या, आणि पट्टीवरून शिलाई मारा. वर गरम इस्त्री दाबा, घासू नका. कड आता अंगाकडे थोडी वळलेली दिसेल. घातल्यावर ती छातीला चिकटून बसते आणि बसता-उठता सुटत नाही. दुसरा पदर याच मापाने. पायपिंगची, म्हणजे कड झाकायची, उरेब पट्टी यावर नंतर येते. उरेब पट्टी स्वतःच ताणते, त्यामुळे तिच्याने कड धरून ठेवली जात नाही, ते काम या सरळ काठाचंच.

कुर्त्याची कंबर शरीरापेक्षा सैल असते, म्हणून बॉडीच्या खालच्या कडेला कापड जास्त येईल. ते कापून टाकू नका. प्रत्येक पदरावर छातीच्या खाली दोन छोट्या चुण्या घालून ते मावून घ्या, म्हणजे टक्स (निमुळत्या दुमडी) न घालताही छातीला जागा मिळते. पाठीला मात्र दोन बारीक टक्स घ्या. मग खांदे जोडा. बाही हवी तर कुर्त्याचीच उतरवा, नको असेल तर मुंढ्याला पायपिंग. साइडच्या शिलाया मारताना उजवीकडे, कमरेच्या अगदी वर, सव्वा इंच जागा मोकळी ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांना मागे-पुढे टाका मारून पक्कं करा. आतल्या पदराचा बंद इथून बाहेर पडतो. ही जागा विसरली की ड्रेस बांधताच येत नाही आणि शिलाई उसवावी लागते. नंतर डाव्या पदराच्या टोकापासून मानेमागून उजव्या पदराच्या टोकापर्यंत सलग पायपिंग करा.

आता घेर. हाफ अंब्रेलाच घ्या, म्हणजे उलगडल्यावर अर्धं वर्तुळ होणारा. फुल अंब्रेला फोटोत छान दिसतो, पण कापड जास्त, जोड जास्त, आणि तळाची शिलाई संपता संपत नाही. बॉडीची खालची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेपने मोजा. बॉडी आधी म्हटलं ते यासाठीच, हिशोब शरीराच्या कमरेचा नाही, या कडेचा करायचा. कंबर ३२ असेल तर पाठीचे १६ आणि दोन्ही पदरांचे १६-१६ मिळून ४८ च्या आसपास येईल. त्याला ३.१४ ने भागलं की सव्वापंधरा इंच. त्यातून शिलाईचा अर्धा इंच वजा, म्हणजे पावणेपंधरा.

सव्वादोन मीटर कापड आडवं दुमडा, म्हणजे एका बाजूला घडी आणि तिला काटकोनात काठ येतील. घडी आणि काठ मिळतात त्या एका कोपऱ्यावर टेपचं टोक टाचणीने पक्कं करा. टेप फिरवत पावणेपंधरा इंचांवर खडूच्या खुणा करत जा, ही झाली कंबर. उंची २७ इंच हवी असेल तर सव्वापंधरा आणि २७ मिळून सव्वाबेचाळीस, अधिक तळाला अर्धा इंच, म्हणजे पावणेत्रेचाळीस इंचांवर दुसऱ्या खुणा. ४४ पन्ह्यात, थोडं आटलेलं धरूनही, हे बसतं. उलगडलं की अर्धं वर्तुळ, कुठेही जोड नाही. पुढच्या दोन्ही उभ्या कडा आयत्या काठावर येतात, त्यामुळे त्या ताणतही नाहीत आणि त्यांचं सूतही सुटत नाही. काठावर छपाई किंवा टोचे (बारीक भोकं) असतील तर अर्धा-अर्धा इंच दुमडा, पण मग ४८ ऐवजी ४९ धरून हिशोब करा.

कंबर मोठी असेल किंवा पायघोळ हवा असेल तर हे पन्ह्यात बसणार नाही. तेव्हा याच मापाच्या कमानीचे तीन सारखे तुकडे करा, एक पाठीचा आणि दोन पदरांचे, आणि साइडला जोडा. घेर तेवढाच पडतो.

कमरेची कमान बॉडीला जोडताना आधी पाठीचे मध्य जुळवा, मग दोन्ही टोकं, मग मधलं. बॉडी वर, घेर खाली ठेवून शिवा. थोडं कमी-जास्त असेल तर पाठीत मावून घ्या, पुढे नको. आतल्या कडांचं सूत सुटू नये म्हणून इंटरलॉक बाहेर एखाद्या शिलाईवाल्याकडून करून घेतलं तरी चालतं.

बंद १ इंच रुंद ठेवा. आतल्या पदराचा ३६ इंच, कारण तो भोकातून बाहेर येऊन पाठीवरून डावीकडे जातो. वरच्या पदराचा २४ इंच पुरे. गाठ डाव्या कमरेवर येते. दोन्ही बंद बॉडीच्या टोकाला, कमरेच्या शिलाईच्या लगेच वर लावा, म्हणजे भोकाच्या उंचीशी जुळतील.

तळ लगेच दुमडायचा नाही. ड्रेस हँगरला एक-दोन दिवस लटकवा. घेरात साइडचा भाग उरेब असतो, तो स्वतःच्या वजनाने खाली उतरतो आणि तळ वाकडा दिसू लागतो. ड्रेस घालून सरळ उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून पट्टी लावून सगळीकडे सारख्या उंचीवर खूण करायला सांगा. स्वतःची स्वतः खूण करू नका, वाकलं की माप बदलतं. जास्तीचं कापा. तळ जवळपास साडेतीन मीटरचा आहे आणि गोल कडेला रुंद दुमड घातली की चुण्या पडतात, म्हणून पाव इंचाचीच दोनदा दुमड घाला. किंवा सरळ साडीच्या पिको-फॉलवाल्याकडे देऊन पिको करून घ्या. पहिल्या ड्रेसला मी हेच सुचवेन, त्यात कमीपणा काही नाही.

राहिला उघडं पडण्याचा प्रश्न. पदर या साइडपासून त्या साइडपर्यंत पूर्ण येतोय, त्यामुळे चालता-बसताना काळजी नाही. गळ्यात जिथे दोन पदर एकमेकांवरून जातात तिथे आतून एक टिचबटण लावा. दुसरं टिचबटण वरच्या पदराच्या काठाला, मांडीच्या मध्यावर येईल असं. स्कूटी चालवत असाल तर मात्र आत लेगिंग घालाच, होटगी रोडच्या वाऱ्याला टिचबटण दाद देत नाही.