कॉम्प्युटरचा प्रोसेसर आणि त्याचा कूलर यांच्यामध्ये थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) किती लावायची, आणि बोटाने पसरवायची का?

बोटाने नको, बोटाचा तेलकटपणा आणि हवेचे बुडबुडे राहतात. प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढा थेंब ठेवा, कूलर वरून सरळ टेकवा; दाबाने पेस्ट आपोआप पसरते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) प्रोसेसर लांबट असतात, तिथे लांबीच्या दिशेने छोटी रेघ ओढा. स्क्रू एकदम पूर्ण आवळू नका, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आळीपाळीने थोडे थोडे आवळा.

जास्त पेस्ट म्हणजे जास्त गार, हा गैरसमज आहे. कूलरच्या तळाचं तांबे पेस्टपेक्षा उष्णता कितीतरी चांगली वाहून नेतं. पेस्टचं काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक खाचांतली हवा हटवण्याचं.

कूलरच्या तळाला आधीच पेस्टचा करडा थर असेल तर वेगळी पेस्ट लागतच नाही. पण एकदा बसवून काढलात, की दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन लावा. तळाची प्लॅस्टिकची फिल्म मात्र काढाच! (हसू नका, राहते लोकांची.)

एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या मदरबोर्डवरून जुना कूलर काढताना आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर हलके पिळत सोडवा. सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो.

इंदुरात मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते. खोली दहा अंश तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. त्यात पेस्टचा दोष नाही. इथल्या सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून पेस्टची महागडी ट्यूब आणण्याआधी पंख्यातली धूळ काढून बघा.