'नाइस' आधी मूर्ख होता

प्रश्न : एका इंग्रजी निकालपत्राचे भाषांतर करताना 'अ नाइस डिस्टिंक्शन' असे शब्द आले. 'छान फरक' लिहिले तर काही अर्थबोध होत नाही. शिवाय 'नाइस'चा मूळ अर्थ 'मूर्ख' होता, असे ऐकले. खरे काय?

उत्तर : ऐकलेत ते खरे आहे. लॅटिनमध्ये 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे. त्यातून 'नेस्कियुस' झाला, म्हणजे आपला 'अज्ञ'. ('सायन्स'ही याच 'स्कीरे'चा वंशज!) जुन्या फ्रेंचमधून तो १३००च्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ होता मूर्ख, बावळट. १४व्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर याच्या लेखनात 'नाइस' माणूस भेटला तर तो भला नव्हे, खुळा समजावा.

पुढे छचोर, नखरेल, नाजूक, चोखंदळ असे अर्थ त्याला चिकटत गेले. चोखंदळ माणूस बारकावे बघतो, म्हणून 'काटेकोर, सूक्ष्म' हा अर्थ आला. 'छान' मात्र १८व्या शतकाच्या उत्तरार्धातला. पण नवा अर्थ आला की जुना लगेच गेला, असे झाले नाही. हे अर्थ बरीच वर्षे शेजारी नांदले. म्हणून १६व्या-१७व्या शतकातला मजकूर वाचताना आजचा अर्थ लावला की हमखास फसगत होते.

तुमच्या निकालपत्रात 'सूक्ष्म भेद' लिहा. डिस्टिंक्शन, पॉइंट, जजमेंट यांच्या आधी 'नाइस' आला की प्रथम हाच अर्थ लावून पाहावा. 'नाइसिटी' म्हणजे बारकावा, तोही इथलाच. दुसरा खड्डा 'नाइस अँड हॉट'चा. चहाबद्दल असे म्हटले तर 'छान आणि गरम' नव्हे, 'मस्त गरम'.

सरसकट वापराचा कंटाळा इंग्रजांनाही जुनाच. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत (१८१७) हेन्री टिल्नी याच शब्दावरून कॅथरीनची फिरकी घेतो : दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुलीही नाइस! मूळ अर्थ नीटनेटकेपणाचा असावा, हा त्याचा तर्क मात्र चुकीचा. 'सिली'चा प्रवास नेमका उलटा : आधी धन्य, मग भोळा, शेवटी खुळा.

प्रश्न : फ्रान्समधल्या नीस शहराशी याचा संबंध आहे का?

उत्तर : नाही. स्पेलिंग तेवढे सारखे. शहराचे नाव ग्रीक 'निकाइया'वरून आले. त्यात 'नीके', म्हणजे विजय, आहे.