विज्ञान शिक्षक व्हायचे आहे, मग मेजर (पदवीचा मुख्य विषय) कोणता घ्यावा?

बारावीचा निकाल लागला की हाच प्रश्न विचारणारी पत्रे दरवर्षी येतात. त्यांतील काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : बारावीनंतर लगेच बी.एड. करता येते का?

नाही, आधी पदवी लागते. अपवाद चार वर्षांच्या एकात्मिक बी.एस्सी.-बी.एड.चा.

प्रश्न : मेजर भौतिकशास्त्र आहे. मायनरला (जोडीच्या दुय्यम विषयाला) सोपा विषय घेऊन टक्के वाढवावेत, असे सीनियर सांगतात. योग्य आहे का?

असा सल्ला देणाऱ्यांनी शाळेचे विज्ञानाचे पुस्तक अलीकडे उघडलेले दिसत नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पुस्तकाचा पहिला भाग गुरुत्वाकर्षणाने सुरू होतो आणि दुसरा आनुवंशिकता व उत्क्रांतीने. लहान शाळांत हे दोन्ही भाग बहुधा एकाच शिक्षकाच्या वाट्याला येतात. जुन्या बी.एस्सी.त पहिल्या वर्षी तीन-चार विज्ञान विषय आपोआप होत असत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत निवड विद्यार्थ्याच्या हाती आली, आणि त्यामुळे एक विषय पक्का व बाकीचे बारावीपुरतेच असलेला पदवीधर सहज तयार होऊ शकतो. असा शिक्षक भिंगाची किरणाकृती फळ्यावर सफाईने काढतो, पण आनुवंशिकतेतील मेंडेलचे 9:3:3:1 हे गुणोत्तर आले कोठून, असे एखाद्या मुलीने विचारले की पाने चाळू लागतो. भरतीतही हे आडवे येते. केंद्रीय विद्यालय संघटनेच्या 2022 च्या जाहिरातीत प्रशिक्षित पदवीधर विज्ञान शिक्षकासाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय होते. भौतिकशास्त्र व गणित घेतलेल्यांची वाट गणित शिक्षकाच्या पदाकडे जात होती. म्हणून आपण मायनरला रसायनशास्त्र किंवा गणित घ्यावे, असे मला वाटते. मात्र महाविद्यालय कोणत्या जोड्या देते हे विभागप्रमुखांना प्रत्यक्ष भेटून, प्रवेश निश्चित करण्यापूर्वीच विचारावे.

प्रश्न : जैवतंत्रज्ञानाची पदवी चालेल का?

ऐकीव माहितीवर तीन वर्षे पणाला लावू नयेत, ज्या बी.एड. महाविद्यालयात जायचे तेथे त्या पदवीवर विज्ञान अध्यापन पद्धती (विज्ञान कसे शिकवावे हा बी.एड.चा विषय) मिळेल का ते पाहावे, आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी.

प्रश्न : वर्गात न बसता परराज्यातून बी.एड. मिळवून देतो, असे एक एजंट म्हणतो.

त्याला एक रुपयाही देऊ नये. नियमित बी.एड.साठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांत वर्गातील कामाला 80 टक्के आणि शाळेतील आंतरवासितेला (प्रत्यक्ष शाळेतील अध्यापन-सरावाला) 90 टक्के हजेरी सांगितली आहे. ती कागदावर भरून देणारा माणूस पुढे प्रमाणपत्राची पडताळणी सुरू झाली की फोन उचलत नाही.

प्रश्न : टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) बी.एड.नंतर निवांत दिली तर?

'निवांत' हा बेत सोडावा. सहावी ते आठवीच्या पेपर दोनमध्ये 150 पैकी 60 गुण गणित-विज्ञानाचे आहेत, आणि ती तयारी पदवीच्या अभ्यासाबरोबरच होते. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. पुरेसे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्येच स्पष्ट केले आहे. परीक्षेला कधी बसता येईल ते मात्र त्या वर्षीच्या अधिसूचनेतच वाचावे, क्लासच्या जाहिरातीत नव्हे.