गरोदरपणात पेनकिलरची सवय लागलीय, बाळाचं काय होईल?

प्रश्न : पाचवा महिना चालूय. पाठीच्या दुखण्यासाठी ट्रामाडॉल सुरू झाली ती दीड वर्षात सुटलीच नाही, एक दिवस चुकली तरी अंग मोडून येतं, नाक गळतं, झोप उडते. बाळासाठी उद्यापासून एकदम बंद करायचं ठरवलंय. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. बाळ व्यसनी जन्माला येईल का हो?

उत्तर : ताई, उद्या बंद करू नका. तुमचा हेतू चांगला आहे पण ही गोळी एकदम तोडली की तुमच्यासोबत पोटातल्या बाळालाही त्रास होऊ शकतो, आणि मला जास्त भीती पुढची वाटते, चार-पाच दिवस कसेबसे काढायचे, मग सहन न होऊन जुनाच डोस घ्यायचा, तोवर शरीराची तेवढ्या डोसची सवय मोडलेली असते आणि श्वास मंदावून जीवावर बेततं. डॉक्टर एकतर अगदी हळूहळू डोस कमी करतील नाहीतर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर नेतील, म्हणजे गोळी तुटल्याचा त्रास आवरणाऱ्या, डॉक्टरांच्या देखरेखीतल्या औषधावर. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2014 मध्ये म्हटलंय, की ओपिऑइडवर (ट्रामाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या औषधांवर) अवलंबून असलेल्या गरोदर बाईने सगळं सोडायच्या मागे लागण्यापेक्षा ब्युप्रेनॉर्फिन-मेथाडोनच्या उपचारावर राहावं. लाजेचं म्हणाल तर लपवलेली गोळी बाळंतपणात जास्त महागात पडते. पेंटाझोसिन, ब्युटोर्फॅनॉलसारखं कळांवरचं इंजेक्शन नकळत दिलं गेलं तर ऐन कळांमध्ये तुम्हाला विथड्रॉवल, म्हणजे गोळी चुकल्यावर होतो तसा त्रास, सुरू होईल. एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायला पाठीच्या कण्याजवळ देतात ते इंजेक्शन, मात्र चालतं.

आता बाळ. व्यसनी वगैरे नाही हो, त्याच्या शरीराला औषधाची सवय झालेली असते एवढंच. औषध वारेतून त्याच्यापर्यंत जात असतं, नाळ कापली की ते थांबतं आणि बहुतेक वेळा 24 ते 72 तासांत लक्षणं दिसतात, कधी त्याहून उशिरा. तारस्वरात रडतं, उचललं तरी शांत होत नाही, हनुवटी आणि हातपाय थरथरतात, शिंकांवर शिंका, जांभया, भुकेने मुठी चोखत राहतं पण छातीला लावलं की नीट धरता येत नाही, शी पातळ होऊन ढुंगण लालबुंद. म्हणून दुसऱ्या दिवशी घरी जायची घाई नको, मेथाडोन-ब्युप्रेनॉर्फिनवर असाल तर 4 ते 7 दिवस बाळावर लक्ष ठेवतात. प्रत्येकच बाळाला हे होतं असं नाही, आणि आईचा डोस मोठा म्हणून बाळाचा त्रास मोठा असंही सरळ गणित नाही, पण सिगारेट आणि झोपेच्या काही गोळ्या सोबत असल्या की तो वाढतो.

यावर पहिला उपाय औषध नाहीच. मंद उजेड, कमी आवाज, घट्ट गुंडाळणं, उघड्या छातीवर घेणं, थोडं थोडं पण वारंवार पाजणं. अमेरिकेतल्या 26 हॉस्पिटलांत झालेला अभ्यास 2023 मध्ये आला, त्यात बाळ खातंय का, झोपतंय का, शांत करता येतंय का एवढंच बघून उपचार ठरवलेली बाळं सरासरी 8 दिवसांत घरी जाण्याइतकी ठीक झाली, प्रत्येक लक्षणाला गुण देऊन बेरीज करायच्या जुन्या पद्धतीत हेच 15 दिवस लागत होते. त्यातूनही भागलं नाही तर मॉर्फिनचे थेंब देऊन ते हळूहळू कमी करतात.

पुढचं खरं सांगायचं तर वजन कमी भरणं, लवकर जन्मणं, डोळ्यांत तिरळेपणा हे जास्त दिसतं. बोलणं, शिकणं मागे पडतं का याचे अभ्यास आहेत, पण त्यात औषध किती, सिगारेट किती आणि घरातली ओढाताण किती हे वेगळं काढणं फार अवघड जातं. डोळे तपासून घ्या, वाढीच्या तपासण्या चुकवू नका.

प्रश्न : माझी बहीण ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, नुकतीच बाळंत झाली. सगळे म्हणतात दूध पाजू नकोस, विष जाईल.

उत्तर : पाजू दे. दुधात ते फारच थोडं उतरतं आणि अंगावर पिणाऱ्या बाळांचा त्रास उलट सौम्य राहतो. ती बाहेरून दुसरं काही घेत असेल तर गोष्ट वेगळी. पुढे दूध तोडायचं झालं तर हळूहळू तोडा. आणि वरच्या ताईंनीही वाचा, ट्रामाडॉल आणि त्याच जातीच्या कोडीनला हे लागू नाही, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2017 मध्ये दोन्हींवर असताना पाजू नका असा इशारा दिलाय कारण काही आयांच्या शरीरात या औषधांचं जास्त जोरदार रूप फार पटकन बनतं. बाळ नेहमीपेक्षा जास्त सुस्त वाटलं, प्यायला उठेना, श्वास अडखळला तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या.