'चेक'च्या पोटातला शहा

प्रश्न असा आहे: इंग्रजीतला 'चेक' म्हणजे तपासणे, धनादेश, चौकड्यांचे कापड आणि बुद्धिबळातला शह. हे चार वेगळे शब्द की एकच? धनादेशाचा चेक फारसी 'चक'वरून आला हे खरे का? आणि चेक प्रजासत्ताकाचा यांच्याशी काही संबंध?

शब्द एकच, आणि तो तुम्ही प्रश्नातच वापरला आहे: शह.

पुढे जाण्याआधी एक तक्रार. हल्ली बातम्यांत 'या गुंडांना कोणाची शह आहे?' असली वाक्ये वारंवार भेटतात. ही हिंदी झाली. हिंदीत 'शह दी' म्हणजे पाठीवर हात ठेवला, चिथावले. मराठीत गुंडाला शह दिला म्हणजे त्याची वाट अडवली. अर्थ नेमका उलटा, आणि लिंगही बदलले: मराठीत तो शह, ती शह नव्हे. ज्यांना 'फूस' हा अस्सल शब्द आठवत नाही त्यांनी निदान बुद्धिबळाच्या पटाला हात लावू नये. 'चेक करून तपासून सांगतो' म्हणणाऱ्यांना मी केव्हाच माफ केले आहे, यांना नाही.

आता मूळ. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर हल्ला झाला की फारसी खेळाडू 'शाह!' असे बजावायचा. राजा सांभाळ, एवढाच अर्थ. ही आरोळी अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेली, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाली आणि 1300 च्या सुमारास इंग्रजीत 'चेक' म्हणून आली. त्याच 'एशेक'च्या अनेकवचनापासून इंग्रजांचा 'चेस' झाला. म्हणजे चेस हा चेकचाच बहुवचनी भाऊ. आजच्या फ्रेंचमध्ये याच शब्दाचे एकवचन म्हणजे अपयश आणि अनेकवचन म्हणजे बुद्धिबळ. हरलेल्या खेळाडूला हे वेगळे सांगावे लागत नाही.

राजाला शह बसला की बाकीचे सगळे बेत जागच्या जागी थांबतात. म्हणून चेक म्हणजे अडवणे, लगाम घालणे, आवरणे. आइस हॉकीत अंगाची धडक देऊन अडवतात तोही चेक. चौकड्यांचे कापड बुद्धिबळाच्या पटावरून, हे सांगायलाही नको.

खरी मजा तपासण्याच्या अर्थात आहे. कोशकार सरळ रेषा ओढून मोकळे होतात: अडवणे, मग नियंत्रण ठेवणे, मग पडताळणे. मला ही रेषा फार गुळगुळीत वाटते, कारण वाटेत एक टेबल आहे आणि कोशकार त्याला वळसा घालून जातात. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल मोजायला दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल असे. त्यावर रेघारेघांचे काळे कापड अंथरत आणि रकान्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी करत. पटासारखे दिसते म्हणून त्या कचेरीचेच नाव 'एक्स्चेकर' पडले. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या हुद्द्यात ते आजही आहे. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170 च्या दशकात या कचेरीवर लॅटिनमध्ये गुरुशिष्यसंवाद लिहिला. शिष्य विचारतो, हे नाव का? गुरू आधी पटाचे साम्य सांगतो आणि मग म्हणतो, पटावर दोन राजांची लढाई होते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची होते. शेरीफ म्हणजे परगण्याचा वसूल आणणारा. तो रक्कम सांगणार, खजिनदार ती पडताळणार!

पुढे इंग्लंडच्या सरकारी गोद्यांत कामगारांची हजेरी आणि पगाराचे कागद सांभाळणारा 'क्लार्क ऑफ द चेक' असे. पडताळणीचा अर्थ नुसत्या लगामातून आला नाही, त्याला या हिशेबी टेबलाची हवा लागली आहे, असे माझे ठाम मत आहे. कोशांना पटत नसेल तर तो त्यांचा प्रश्न.

धनादेशही याच घरचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणजे पैसे देण्याचा हुकूम नव्हे, तर सरकारी हुंडीची मागे ठेवलेली स्थळप्रत. खोटी हुंडी आली की स्थळप्रतीशी ताडून पाहायची. त्याआधी हेच काम खाचा पाडून उभ्या चिरलेल्या काठ्या करत: अर्धी देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. (1834 साली या जुन्या काठ्या भट्टीत जाळताना लंडनचे संसदभवनच पेटले, पण तो विषय वेगळा.) स्थळप्रतीचे नाव पुढे हुकुमाच्या कागदाला चिकटले. इंग्रजांनी एक्स्चेकरच्या नादाने त्याचे स्पेलिंग लांबवले, अमेरिकनांनी तसदी घेतली नाही.

'चक'वाले मात्र इब्न हौकलला साक्षीला आणतात. दहाव्या शतकातल्या या प्रवाशाने सहाराच्या व्यापारात 42,000 दिनारांचे 'सक्क', म्हणजे देण्याघेण्याचा लेखी कागद, पाहिल्याचे लिहिले आहे आणि अरबी 'सक्क' बहुधा फारसी 'चक'वरूनच आला. कागद खरा, रक्कमही डोळे दिपवणारी. पण इंग्रजी शब्दाचा आधीचा अर्थ हुकूम नसून स्थळप्रत आहे, याचे उत्तर ही मंडळी देत नाहीत. नुसत्या नादसाम्यावर व्युत्पत्ती वटत नाही.

फारसीच हवी असेल तर शाहच्या मागे जा. प्राचीन फारसीत त्याचे रूप 'ख्शायथिय'. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर, इसवी सनापूर्वी 520 च्या आसपास, दारयवउश (इंग्रजीतला डरायस) राजाने कोरून घेतले: 'अदम दारयवउश ख्शायथिय वझर्क', म्हणजे मी दारयवउश, महान राजा. 'अदम' म्हणजे आपला 'अहम्'. 'ख्शायथिय' ज्या धातूपासून, त्यापासूनच संस्कृत 'क्षत्र', आणि म्हणून क्षत्रिय व क्षत्रप हे चेकचे सख्खे नातलग. 'वझर्क'चा पुढे फारसीत झाला 'बुजुर्ग', आणि मराठी गावांच्या नावांत 'बुद्रुक'. थोडक्यात, दारयवउशने दगडावर स्वतःला 'शहा बुद्रुक' म्हणवून घेतले आहे! यापुढे धनादेशावर सही करताना कोणाला कंटाळा येणे शक्य नाही.

'चेकमेट'चा अर्थ 'राजा मेला' असा सर्रास देतात, तोही मला मान्य नाही. अरबीत 'माता' म्हणजे मेला, हे खरे. पण पटावर राजा कधी मारलाच जात नाही, तो कोंडला जातो. फारसीत 'मात' म्हणजे हतबुद्ध, निरुपाय झालेला, आणि डावाशी हाच अर्थ जुळतो.

राहता राहिले चेक प्रजासत्ताक. त्याचा यातल्या कशाशीही संबंध नाही. ते तिथल्या लोकांचे स्वतःचे नाव, आणि इंग्रजीतले त्याचे विचित्र स्पेलिंग पोलिश वळणाचे.